आज माझा गुरुवार

खैरनार साहेब दर वर्षी मार्च संपत आला की आमच्या टूर कंपनीच्या, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या ऑफिसात यायचे, पंख्याखालची खुर्ची धरायचे आणि उन्हाळ्याचं नवीन पत्रक मागायचे. पत्रक म्हणजे सहलीचा दिवसवार कार्यक्रम: पहिल्या दिवशी कुठे, दुसऱ्या दिवशी कुठे, मुक्काम कोणत्या गावात, जेवायला काय. ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्यभर मोजमापं तपासलेला माणूस तो. खिशातून लाल पेन काढून माझ्यासमोरच पत्रकावर खुणा करायला लागायचे. "ताई, नुब्राला हॉटेल नक्की कुठल्या गावात घेता?" "मनालीहून निघताना नाश्ता देता की पॅक करता?" मी आपली भाबडेपणाने सगळं सांगत बसायचे, वर चहा मागवायचे. आणि दिवाळीच्या सुमारास कळायचं की साहेब आणि वहिनी आमच्याच कार्यक्रमावर, आमच्याच रस्त्याने, स्वतःचं बुकिंग स्वतः करून मजेत फिरून आलेत. सलग सहा वर्षं हे चाललं. नाव एकदाही नोंदवलं नाही. उलट परत आल्यावर ऑफिसात येऊन मलाच सुनवायचे, "तुमचं ते सिमल्याचं हॉटेल बदला हो, गरम पाणी येत नाही."

मी बावीस वर्षं टूर लीडर होते. आता निवृत्त झालेय, तरी लग्नात, हळदीकुंकवात, भाजी घेतानासुद्धा लोक अडवून विचारतात, पॅकेज घ्यावं की आपलं आपण बुकिंग करावं. पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचे, पॅकेज. आता मी उत्तर टाळते, आणि टाळण्याचं कारण म्हणून एकच टूर आठवते. त्या टूरमध्ये माझ्या भरवशावर आलेल्या एका बाईंचा जीव टांगणीला लागला होता आणि त्यात माझा वाटा मोठा होता. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही.

आधी आमचा धंदा थोडा समजावून सांगते. बाहेरच्यांना वाटतं, टूर लीडर म्हणजे छत्री उंच धरून पुढे चालणारी बाई. खरं काम असतं डोकी मोजण्याचं आणि ताटं बघण्याचं. बावीस वर्षांत मी टूरवर सकाळचा नाश्ता कधी बसून केला नाही. मी टेबलांमधून फिरत ताटं बघायचे. उंचावर हवा विरळ असते, तिथे माणूस आजारी पडायला लागला की आधी त्याचं अन्न सुटतं. डोकं दुखतंय हे तो लपवतो, पण न खाल्लेले पोहे कसे लपवणार? दुसऱ्यांदा पोहे मागणारा ठणठणीत. नुसता चहा घेऊन उठणाऱ्याच्या मी मागे लागायचे. या माझ्या नजरेचा मला फार अभिमान होता. नवीन मुलींना मी हेच शिकवायचे.

आणि आम्ही विकतो काय? हॉटेल, गाडी, तिकीट हे आता कोणीही घरबसल्या फोनवर ठरवतं. आम्ही विकतो ते ठरवण्याच्या कटकटीतून सुटका. किती वाजता उठायचं, कुठे थांबायचं, काय खायचं, स्वेटर आज घालायचा की उद्या, सगळं आम्ही सांगतो. माणूस निघताना घराची किल्ली शेजाऱ्यांकडे देतो आणि स्वतःचं डोकं आमच्याकडे. दोन दिवसांत त्याला तारीख आठवत नाही, वार आठवत नाही. टूरवर कोणीच वार बोलत नाही. आम्हीसुद्धा "आज तिसरा दिवस, उद्या चौथा दिवस" असंच बोलतो, कारण पत्रकात तसंच छापलेलं असतं.

तर लडाखची टूर होती. अठ्ठावीस प्रवासी, दोन टेम्पो ट्रॅव्हलर, आमचा स्वयंपाकी महाराज आणि मी. त्या अठ्ठाविसांत पिंपळगाव बसवंतच्या विधाते बाई होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान जाऊन दोन वर्षं झालेली, एकट्या पहिल्यांदाच निघालेल्या. मुलाचं द्राक्षाचं पॅकहाऊस. तो त्यांना सोडायला आला होता. मला म्हणाला, "ताई, तुमच्या भरवशावर सोडतोय बरं का. आईनं आमच्यासाठी लय केलं, तिला नीट दाखवून आणा." मी म्हटलं, बिनधास्त राहा. बाई गोऱ्या, ठेंगण्या, अंबाड्यावर रुमाल बांधलेल्या, गाडीत नेहमी शेवटून दुसऱ्या सीटवर. कधी खिडकी मागितली नाही, कधी गाडी थांबवा म्हणाल्या नाहीत. अशा प्रवाशाला आमच्यात "सोन्यासारखा प्रवासी" म्हणतात.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही नुब्राच्या खोऱ्यात, हुंडर गावी होतो. तिथून पँगाँग सरोवराला जायचं, तिथे मुक्काम, सहाव्या दिवशी लेहला परत. मी नाश्त्याच्या टेबलांमधून फिरत होते. विधाते बाईंच्या पुढे ताटच नव्हतं.

"बाई, पोहे नाही घेतले?"

"आज माझा गुरुवार," बाई म्हणाल्या. म्हणजे गुरुवारचा उपवास.

"अहो, मग काल सांगायचं ना!" मी महाराजांना हाक मारली. आमच्या पेट्यांत साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, सैंधव सगळं असतं. वीस मिनिटांत गरम खिचडी बाईंच्या पुढे आली. मी एवढी खूश झाले की गाडीत बसल्यावर माइकवरून सांगितलं, "बघा मंडळी, हुंडरच्या वाळवंटात साबुदाण्याची खिचडी! आपलं पॅकेज उपवाससुद्धा सांभाळतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या. खिचडी त्यांनी शेजारच्या बाईंना दिली होती हे मला फार उशिरा कळलं.

रस्ता नदीकाठाने, खडकाळ. दुपारी दोनच्या पुढे आम्ही पँगाँगला पोचलो. चौदा हजार फूट उंची, बोचरा वारा आणि समोर ते निळं पाणी. लोक उतरले आणि फोटो काढायला पळाले. मी पळू नका, पळू नका म्हणून ओरडत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, तुमच्या पत्रकात दोन वाजता लिहिलंय. अडीच झाले."

खैरनार साहेब! लोकरी टोपी, कानाला मफलर, हातात आमचं पत्रक, लाल खुणांसकट. बरोबर वहिनी. त्यांची इनोव्हा बाजूलाच सामानासकट उभी होती, आणि साहेबांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी फोनवरून ठरवलेला तंबूंचा कॅम्प त्या वर्षी लागलाच नव्हता. जागेवर नुसते खुंटे होते. सकाळपासून ते खोली शोधत फिरत होते आणि सगळीकडे ग्रुप बुकिंग होतं.

"तुमच्याकडे एखादी खोली जास्तीची आहे का?" त्यांनी विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात विनंती होती.

मी खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं, "आमचं सगळं पॅकेजमध्ये असतं साहेब. मोजून मापून. एकही खोली वर नाही." खरं तर महाराजांना एक खोली आणि मला एक, अशा दोन होत्या. जमवलं असतं तर जमलं असतं.

साहेब ड्रायव्हरला घेऊन पुढच्या वस्तीत विचारायला चालत गेले. वाऱ्याने हैराण झालेल्या वहिनी म्हणाल्या, "मी जरा तुमच्या गाडीत बसू का?" एवढ्याला मात्र मी नाही म्हटलं नाही.

पंधरा मिनिटांनी वहिनी हसत हसत माझ्याकडे आल्या. त्या सटाण्याकडच्या, बोलता बोलता अहिराणीवर जायच्या. "अहो ताई, गाडीत तुमच्या एक बाई बसल्यात. मी डब्यातली शंकरपाळी पुढे केली तर म्हणतात, आज माझा गुरुवार. मी म्हटलं, वं माय, आज ते मंगळवार शे ना! आम्हाला तर रोज वार बघावा लागतो, साहेबांचं सगळं बुकिंग तारीख-वारावर. तुमची माणसं मंगळवारी गुरुवार करायला लागली की काय?"

मीही हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मी फोन काढून बघितला. मंगळवार.

मी गाडीकडे धावले. चौदा हजार फुटांवर धावू नये हे मीच रोज ओरडून सांगते. दार उघडलं तेव्हा मला स्वतःलाच धाप लागली होती. विधाते बाई सीटवर डोकं टेकून बसल्या होत्या. ओठ जांभळट पडले होते. श्वास घेताना छातीत कढ आल्यासारखा बारीक आवाज येत होता. मी हाक मारली तर डोळे उघडले, हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं डोळे मिटते. तुम्ही जा, लोक वाट बघत असतील."

बोटाला लावायचं यंत्र माझ्या पेटीत असतं. त्या उंचीवर आकडा ऐंशीच्या पुढे असला तर माणूस ठीक म्हणायचा. बाईंचा छप्पन्न आला. मला वाटलं बोट गार पडलंय. बोट चोळून पुन्हा लावलं. छप्पन्नच. तोवर खैरनार साहेब परत आले होते. त्यांनी आपलं यंत्र काढून दुसऱ्या हाताला लावलं. चोपन्न. 

उंचीच्या आजाराला खरं औषध एकच, खाली उतरणं. आणि पँगाँगचा पेच असा की लेहला उतरायचं तर आधी सतरा हजार फुटांच्या वरचा, चांग ला नावाचा घाट चढावा लागतो. बाईंना तिथे नेणं शक्यच नव्हतं. अलीकडे तांगत्से नावाचं गाव आहे, सरोवरापेक्षा हजारेक फूट खाली, तिथे सरकारी आरोग्य केंद्र आणि डॉक्टर. दीड-दोन तासांचा रस्ता. फोनला रेंज नव्हती, मालकांना विचारायची सोय नव्हती. इतकी वर्षं मी लोकांसाठी ठरवत आले ते पत्रकात बघून. हे पत्रकात नव्हतं.

टेम्पो ट्रॅव्हलर न्यावी तर ती अवजड, खड्ड्यांत बाईंचे हाल, आणि उद्या सकाळी चौदा माणसं इथेच अडकणार. वर आमचा पहिला नियम असा की टूर लीडरने ग्रुप सोडायचा नाही, काही झालं तरी. उरलेल्या सत्तावीस जणांतही चार जण सत्तरीच्या पुढचे होते. मी बाईंचा हात धरून उभी होते आणि मला काही सुचत नव्हतं. लोक भोवती जमले. कोणी म्हणे कापूर हुंगवा, कोणी म्हणे लसूण द्या. एक गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, "म्हणजे उद्याचा कार्यक्रम तोच ना?"

खैरनार साहेबांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ते मला म्हणाले, "माझी गाडी भरलेली उभी आहे. सामान उतरवतो. ड्रायव्हर स्टॅनझिन इथलाच आहे, रस्ता त्याला पाठ. तुम्ही बाईंना घेऊन निघा."

"आणि ग्रुप?"

"ग्रुप मी बघतो."

"तुम्ही?"

त्यांनी हातातलं पत्रक वर केलं. "मला पाठ आहे ना सगळं. सात वाजता सूप, आठला जेवण, सकाळी साडेसहाला चहा, साडेसातला सामान बाहेर. चुकतंय का काही?"

एक अक्षर चुकत नव्हतं. मी माझ्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि नजर खाली घातली.

गाडीत मागच्या सीटवर बाईंना तिरकं बसवलं, मांडीवर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेतला, मास्क त्यांच्या तोंडाला धरला. स्टॅनझिन, तो लडाखी ड्रायव्हर, रस्त्यावर नजर ठेवून चालवत होता. मी काट्याकडे बघत होते. सिलिंडरचा काटा अर्ध्याच्या खाली आला तेव्हा आम्ही निम्मा रस्तासुद्धा कापला नव्हता.

"बाई, कधीपासून होतंय हे?"

त्यांनी मास्क बाजूला केला. मी परत लावला. तो त्यांनी परत बाजूला केला. "तिसऱ्या दिवसापासून. डोकं. मग खोकला."

"खोलीत तुमच्याबरोबर त्या दुसऱ्या बाई होत्या. त्यांनाही कळलं नाही?"

"मी बाथरूममध्ये जाऊन खोकायचे. त्यांची झोप मोडायला नको."

"आणि मला का नाही सांगितलंत हो?" माझा आवाज चढला. घाबरलं की मला राग येतो, ही माझी जुनी खोड.

बाई धापा टाकत म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना लेहला, गाडीत. एकाला त्रास झाला की सगळ्यांना मागे फिरावं लागतं. माझ्यामुळे कोणाचा खोळंबा नको वाटला."

म्हणाले होते मी. प्रत्येक लडाखच्या टूरला, दुसऱ्या दिवशी, माइकवरून म्हणायचे. "मंडळी, औषधं वेळेवर घ्या, पाणी प्या, लक्षात ठेवा, एकाला त्रास झाला की अठ्ठावीस जणांना मागे फिरावं लागतं." लोकांनी काळजी घ्यावी म्हणून म्हणायचे. थोडं हशा पिकवून म्हणायचे. बाईंनी ते एखाद्या वर्गशिस्तीसारखं मनावर घेतलं, पुढचे तीन दिवस त्रास लपवला, आणि शेवटी माझी ताटावरची नजर चुकवायला गुरुवार काढला. मी रडायला लागले. मास्क धरलेल्या हाताने डोळे पुसता येत नव्हते. मला माझी एवढी लाज आजवर कधी वाटली नाही.

गाडी थांबली. समोर पागल नाला होता. त्या रस्त्यावरच्या ओढ्याचं नावच ते. सकाळी त्यात घोटाभर पाणी असतं. दुपारच्या उन्हाने वरचा बर्फ वितळला की तो रस्त्यावरून दगड ढकलत वाहतो. पाणी गढूळ, जोरात, आणि पलीकडे चार गाड्या अडकून उभ्या. स्टॅनझिन उतरून काठाशी गेला, परत आला, म्हणाला, "एक घंटा रुकना पड़ेगा, मैडम. पानी कम होगा."

"एक घंटा नहीं है," मी म्हणाले. काटा लाल पट्ट्यात गेला होता.

तेवढ्यात मागून लष्कराचा ट्रक आला. मी गाडीतून उडी मारून रस्त्यात आडवी उभी राहिले. ट्रकवाल्या जवानाने आधी मला झापलं, मग इनोव्हात डोकावून बाईंकडे बघितलं. मग त्याची नजर माझ्या जॅकेटवर लिहिलेल्या गावाकडे गेली. म्हणाला, "नाशिक? मैं दो साल देवलाली में था." आणि ट्रकात चढला. त्याने ट्रक नाल्यात आडवा नेऊन वरच्या अंगाला उभा केला, पाण्याचा जोर अडवला. स्टॅनझिनने गाडी त्याच्या आडोशाने घातली. मध्यावर मागचं चाक दगडावरून घसरलं आणि गाडी उताराकडे कलली. पाणी दाराच्या फटीतून पायापाशी आलं. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. स्टॅनझिनने दात आवळून गाडी काढली. पलीकडे लागलो तेव्हा सिलिंडर संपलेला होता.

पुढची चाळीस मिनिटं मी फक्त बाईंना बोलतं ठेवत होते. पहिलीच्या वर्गातली मुलं आठवा म्हटलं, नावं सांगा. त्या हजेरी घ्यायला लागल्या. सात-आठ नावं झाली की थांबायच्या, मी "पुढे? पुढे?" करायचे. तांगत्सेच्या अलीकडे त्यांनी नावं घ्यायचं सोडलं आणि मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर तरुण होते. बाईंना झोपवलं, मोठा ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने बाई भानावर आल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, तकलीफ कब से है?"

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. सांगू का, असं ते बघणं होतं. मी सवयीने त्यांच्या वतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"इन्हें बोलने दीजिए," डॉक्टर मला म्हणाले.

ते म्हणाले, आणखी दोन तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. संध्याकाळी बाईंचे ओठ पुन्हा माणसासारखे दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ऑक्सिजनसह अँब्युलन्समधून त्यांना घाटापलीकडे लेहच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. माझा ग्रुप त्याच सकाळी तांगत्सेला आला, पत्रकातल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी. खैरनार साहेब पुढच्या सीटवर, हातात माझा माइक. लोक खूश होते. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "कालपासून दर तासाला सगळ्यांच्या बोटाला यंत्र लावतायत. मला तर वाटतं, कारखानाच परत सुरू झाला." साहेबांनी मला मात्र एकच सांगितलं, की त्यांनी लेहला नुसतं आरामात बसायला तीन दिवस ठेवले होते. "तुमच्या पत्रकातला आरामाचा एकच दिवस मला कधीच पटला नाही, ताई. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."  सहा वर्षं तो माणूस माझ्यासमोर लाल खुणा करत होता आणि मी कधी विचारलं नाही की या कशाच्या.

बाई आठ दिवसांनी पिंपळगावला परतल्या. मी सुटकेचा श्वास टाकते न टाकते तोच मालकांनी बोलावलं. बाईंचा मुलगा वकिलाला भेटून आलाय अशी कुणकुण त्यांना लागली होती. त्यांनी टाइप केलेलं पत्र माझ्यापुढे सरकवलं. "तुमचं आणि बाईंचं बरं जमतं. एवढी सही घेऊन या. तुमच्याही भल्याचं आहे." पत्र बाईंच्या तोंडी लिहिलेलं होतं: मी माझी प्रकृती स्वतःहून लपवली, टूर लीडरने वेळोवेळी विचारपूस केली होती, माझी कंपनीविषयी काही तक्रार नाही. मी वाचलं. त्यातली ओळ न ओळ खरी होती. ग्रुप सोडून गेल्याबद्दल माझ्यावर ठपका येऊ घातला होता, तोही त्या सहीने पुसला जाणार होता. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. मी पत्र पिशवीत टाकलं आणि पिंपळगावची बस धरली.

बाईंचं घर बाजार समितीच्या मागे. बाहेर कांद्याच्या टेम्पोंची रांग लागली होती. मुलगा दारातच उभा राहिला. "आता आई कुठं नाय जाणार. लय झालं फिरणं," एवढं बोलून तो आत वळला. बाई मात्र मला बघून उठल्याच. खूप वाळल्या होत्या. चहा झाला, बिस्किटं झाली. मग मी पत्र काढलं. 

बाईंनी चष्मा लावला. एकदा वाचलं, परत वाचलं. मुलगा भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता.

"कुठे करू सही?" बाईंनी विचारलं. पेनाचं टोपण त्यांनी काढलं सुद्धा होतं.

"बाई, हे असंच झालं का?"

"त्याचं काय एवढं," त्या म्हणाल्या. "माझ्या एका सहीसाठी तुमचं काम अडायला नको."

 गाडीत, खोलीत, दवाखान्यात बाईंचं हेच चाललेलं होतं, आणि आता मी ते घरपोच घ्यायला आले होते. मी पत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं. टीव्हीशेजारी त्यांची एक वही होती, तिचं कोरं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं.

"जे झालं ते तुमच्या मनाने लिहा. माझा विचार करू नका. कोणाचाच करू नका."

बाईंनी वही मांडीवर ओढली. मुलगा काही बोलायला पुढे आला, तर त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. शाळेत फळ्यावर लिहीत असतील तशा गोल, सुट्या अक्षरांत त्यांनी तीन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि पान फाडून माझ्या हातात दिलं.

"तिसऱ्या दिवसापासून मला त्रास होत होता. रोज सकाळी ताई गाडीत सगळ्यांना विचारायच्या, बरे आहात ना, आणि सगळे हो म्हणायचे. मला एकटीला कुणी विचारलं नाही."

मी ते तिथेच दोनदा वाचलं. माझे डोळे भरून आले, पण तिथे रडले असते तर बाईंनी पान परत मागितलं असतं. मी गपचूप निघाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच मी ते पान मालकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत वाचलं.

"हे काय आणलंत, ताई?"

"तुम्ही सही आणायला सांगितली होती," मी म्हणाले. "खाली आहे, बघा."